डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून

गोष्ट गेल्या जानेवारीतली, फार मोठी नाही, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट गावाच्या जुन्या भागात एक सँडविचचं दुकान आहे, दुपारी बाहेर उन्हात टेबलं मांडलेली असतात. आम्ही दोघं तिथे सूप घेत होतो आणि ह्यांना खोकल्याची उबळ आली. ह्यांचा खोकला जुना, दम्याचा, कोणाला लागणारा नाही, पण आवाज असा की अनोळखी माणूस दचकेलच. शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या, कानात मोती, पायात पांढरे टेनिसचे बूट. त्या उठल्या, आमच्यापाशी आल्या, पर्समधून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट काढून ह्यांच्या बशीजवळ ठेवलं, अगदी गोड हसल्या, "पुअर डिअर" म्हणाल्या, आणि मग स्वतःची कॉफी उचलून पार दुसऱ्या टोकाच्या टेबलावर जाऊन बसल्या. आमच्याकडे पाठ करून.

ह्यांनी गोळी तोंडात टाकली. "चांगली आहे गं, मधाची आहे," म्हणाले.

मला काही ते सूप पुढे जाईना. बाई वाईट वागल्या असं म्हणता येत नव्हतं आणि चांगल्या वागल्या असंही धड म्हणता येत नव्हतं. कोविडनंतर सगळेच असे झालेत, मीसुद्धा कोणी शिंकलं की श्वास रोखून धरते. तरी पण ती गोळी आणि ती पाठ, दोन्ही एकाच माणसाकडून, अर्ध्या मिनिटाच्या आत. घरी आल्यावर ह्यांना विचारलं तर ह्यांना काही आठवतच नव्हतं, टीव्हीवर क्रिकेट लावून बसले होते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, एडिसनजवळ, आता इतकी वर्षं झाली की तेच गाव वाटतं. ह्यांच्या रिटायरमेंटनंतर दोन हिवाळे फार वाईट गेले, हीटिंगची कोरडी हवा आत आणि हाडं फोडणारी थंडी बाहेर, रात्रभर छातीची शिट्टी. डॉक्टर म्हणाले, जमत असेल तर थंडीत दक्षिणेला कुठेतरी जाऊन राहा. सगळे फ्लोरिडाला जातात, पण ह्यांना फ्लोरिडाचा दमटपणा सोसत नाही आणि मला फ्लोरिडाच आवडत नाही, हे आपलं माझं मत. मग केरीला राहणारी माझी एक मैत्रीण म्हणाली की आमच्या नॉर्थ कॅरोलायनात सँडहिल्स नावाचा पट्टा आहे, जाऊन तर बघा. गेलो, त्यातल्याच पाइनहर्स्टला एका जुन्या घराच्या मागची छोटी कॉटेज भाड्याने घेतली, आणि तेव्हापासून थंडी पडली की आम्ही आय-नाइन्टीफाइव्ह हायवे पकडून खाली येतो. डिकीत कुकर, पोळपाट, नेब्युलायझर आणि भाजणीचा डबा.

खाली उतरताना मजा येते. मेरीलँडपर्यंत रस्त्याच्या कडेला काळं झालेलं बर्फ, मग व्हर्जिनियात ते पातळ होतं, मग माती लाल दिसायला लागते, आणि शेवटच्या तासात ती लाल माती जाऊन एकदम पांढुरकी वाळू लागते. समुद्र तर कित्येक मैल लांब आणि तरी पायाखाली वाळू. ही फार फार जुनी वाळू आहे, समुद्र कधीकाळी इथवर होता त्या काळातली. तिचा गुण असा की धो धो पाऊस पडून गेला तरी तासाभरात अंगण कोरडं. चिखल म्हणून नाही. आणि त्या वाळूतून सरळसोट वर गेलेले पाइन, लॉन्गलीफ पाइन, ज्यांच्या सुया वीत-दीड वीत लांब असतात आणि शंकू इतका मोठा की मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोन्ही हातांनी उचलला. ह्या झाडात वारा शिरला की पानांची सळसळ होत नाही, एक लांबलेला उसासा ऐकू येतो. सकाळी दहाच्या सुमारास ऊन तिरपं आत येतं, खाली पडलेल्या सुयांचा तांबूस थर तापतो आणि त्याचा जो वास सुटतो तो मला सांगता येणार नाही. थोडा राळेचा, थोडा उन्हात टाकलेल्या लाकडाचा. जानेवारीत दुपारी साधारण दहा-बारा डिग्री असतं, म्हणजे सांगलीच्या माणसाला थंडीच की, पण न्यू जर्सीहून आलेल्याला ते ऊन अंगावर घेतलं की डोळे मिटतात.

ह्याच वाळूवर आणि ह्याच झाडांवर एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर भाळले होते. वाळू म्हणजे ओल नाही, पाइन म्हणजे हवेत ओझोन, आणि ओझोन म्हणजे फुप्फुसं साफ, असा त्यांचा हिशोब. जॉन पॅट्रिक म्हणून एका गृहस्थाने ह्या भरवशावर इथून सहा मैलांवर सदर्न पाइन्स नावाचं गाव वसवलं, १८८७ साली. उत्तरेकडच्या लोकांना घरच्यासारखं वाटावं म्हणून रस्त्यांना नावं दिली न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स. अजून तीच आहेत. गावाच्या मधोमध रेल्वेचे रूळ, दोन्ही बाजूंना दुकानं, गाडी आली की सगळं गाव दोन मिनिटं थांबतं. आम्ही कधी कधी नुसतं गाडी बघायला जातो, बेंचवर बसून. ह्यांना मिरज जंक्शन आठवतं.

पाइनहर्स्टची कथा मात्र एकाच माणसाची. जेम्स वॉकर टफ्ट्स, बोस्टनकडचा, सोडा फाउंटनच्या, म्हणजे सोड्याची पेयं बनवणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात बक्कळ पैसा केलेला. त्याची स्वतःची तब्येत नाजूक. १८९५ मध्ये त्याने इथे साडेपाच हजार एकरांच्या वर जमीन घेतली, साधारण डॉलरला एक एकर ह्या भावाने. जमीन म्हणजे काय तर उजाड. त्याआधीच्या लोकांनी पाइनला खाचा पाडून राळ काढली, तिचं टर्पेंटाइन केलं, मग उरलेली झाडं तोडून लाकूड नेलं, मागे राहिले बुंधे आणि वाळू. अशा ठिकाणी त्याला गाव बांधायचं होतं, आणि तेही श्रीमंतांसाठी नाही बरं का. मध्यम मिळकतीच्या लोकांसाठी, ज्यांची छाती कमजोर आहे पण युरोपात किंवा फ्लोरिडाच्या महागड्या हॉटेलात जाणं परवडत नाही अशांसाठी, स्वच्छ हवेचं स्वस्त गाव. आराखडा केला न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओमस्टेडच्या कंपनीने. म्हणूनच इथला एक रस्ता सरळ जाईल तर शपथ, सगळे वळणावळणाचे, ह्यांचा जीपीएस दर वर्षी नव्याने चिडतो. गाव हिवाळ्यात वापरायचं म्हणून झाडं लावली ती बाराही महिने हिरवी राहणारी, हॉली, मॅग्नोलिया, कॅमेलिया, दोन लाखांहून जास्त झाडंझुडपं. पहिलं हॉटेल, हॉली इन, ३१ डिसेंबर १८९५ ला उघडलंसुद्धा. उन्हाळ्यात सगळं बंद, कुलूप. कोण येणार त्या उकाड्यात.

हे सगळं मला कळलं ते गावातल्या लायब्ररीत. तिथेच टफ्ट्स घराण्याचं जुनं दफ्तर जपलेलं आहे, फोटो, नकाशे, पत्रकं. हे घरी डुलकी काढतात तेव्हा मी तिथे जाऊन बसते, उबदार असतं आणि कोणी काही विचारत नाही. त्या गोळीवाल्या बाईंनंतर चार-सहा दिवसांनी असंच वाचता वाचता कळलं की ज्या क्षयरोग्यांसाठी हे गाव काढायचं म्हणून टफ्ट्स निघाला होता त्यांनाच पहिल्या काही हंगामांत दार बंद झालं. क्षय लागतो हे तोवर लोकांना पटायला लागलं होतं. कॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचे जंतू दाखवले होते १८८२ साली, पण पटायला वेळ लागतो, आणि टफ्ट्सच्या लक्षात आलं की खोकणारे असतील तिथे न खोकणारे फिरकणार नाहीत. मग जाहिरातींमध्येच लिहिलं जाऊ लागलं की इथे क्षयरोग्यांना घेत नाही. आरोग्यधाम राहिलं, फक्त निरोगी लोकांचं. त्यांनी दिवसभर करायचं काय, तर गोल्फ. सांगतात की पाहुणे डेअरीच्या कुरणात चेंडू टोलवायचे आणि गाईंना त्रास व्हायचा म्हणून १८९८ मध्ये पहिलं मैदान आखलं, १९०० मध्ये स्कॉटलंडहून डॉनल्ड रॉस आला, त्याने १९०७ ला नंबर टूचं अठरा होलचं मैदान पुरं केलं, आणि मग ह्या गावाची छाती आणि खोकला सगळं विसरलं गेलं. आता यूएस ओपन होते इथे, २०२४ लाच झाली. ॲनी ओकली, ती नेमबाज, तीसुद्धा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हिवाळ्यात इथे राहून बायकांना बंदूक चालवायला शिकवायची. हे वाचून मला फार बरं वाटलं, का ते माहीत नाही.

पण ती जाहिरातीची गोष्ट वाचली आणि मला त्या बाईंची पाठ दिसली. सव्वाशे वर्षांत गावाने सवय मोडलेली नाही म्हणायची.

आणि आत्या आठवली.

माझी थोरली आत्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये दीड वर्ष होती, मी तेव्हा चार-पाच वर्षांची असेन. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी, त्या बाजूच्या लोकांना सांगायला नको. आमच्याकडे म्हणायचे, पैसेवाले पाचगणीला जातात आणि आपण वानलेसवाडीला. रविवारी आजी डबा घेऊन जायची, कधी मला न्यायची. लांब व्हरांडा, ओळीने लोखंडी खाटा, पांढऱ्या चादरी, आणि सगळ्या बायका एकाच दिशेला तोंड करून पडलेल्या, वारा येईल त्या दिशेला. मला जवळ जाऊ द्यायचे नाहीत. मी कडुलिंबाखाली उभी राहायची आणि आत्या तिकडून हात हलवायची, एकदा तिने क्रोशाचा रुमाल विणून दिला माझ्यासाठी, तो आजीने घरी आल्या आल्या उकळत्या पाण्यात टाकला आणि नंतर कुठे ठेवला देव जाणे, मला काही मिळाला नाही. आजीचं आत्यावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल, ऊन असो पाऊस असो तिचा रविवार चुकला नाही. पण डबा खाटेवर ठेवला की ती तीन पावलं मागे सरकायची, हे मला स्पष्ट आठवतंय. बोलायची तिथूनच, मोठ्याने.

आत्या बरी झाली. स्ट्रेप्टोमायसीनच्या इंजेक्शनांनी, बाकीच्या गोळ्यांनी आणि रोजच्या दोन अंड्यांनी, जी आमच्या सोवळ्याच्या घरात कोणी तोंडाने उच्चारत नसे. इंजेक्शनांनी तिचा एक कान मात्र गेला, त्या औषधाचा तो दोषच आहे. तिचं ताट-वाटी-भांडं कोनाड्यात वेगळं राहिलं ते पुढे कितीतरी वर्षं, डॉक्टरांनी काही हरकत नाही सांगितल्यावरसुद्धा. लग्न नाहीच झालं. आणि गंमत सांगते, हीच आत्या म्हातारपणी, दुपारी भाजी निवडता निवडता, आम्हाला सांगायची की वानलेसवाडीचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. आम्ही म्हणायचो, अगं आत्या, काहीतरीच काय. तर ती म्हणायची, "दीड वर्ष मला कोणी चहा टाक म्हणालं नाही. नुसतं पडून राहा म्हणायचे. पुन्हा कधी म्हणालं का कोणी?"

हे वाक्य मला इथे पाइनखाली बसल्यावर किती वेळा आठवतं. कारण खरं सांगायचं तर इथली हवा ह्यांना मानवते वगैरे ठीक आहे, मानवतेच थोडी, पण इथे येण्यात माझाही स्वार्थ आहे, कदाचित जास्त माझाच. न्यू जर्सीत मी रिटायर झाले म्हणजे काय झाले, मुलीच्या मुलांना शाळेतून आणणं, मंडळाची कामं, कोणाचं डोहाळजेवण, कोणाकडे आलेले आईवडील एकटे आहेत त्यांना डॉक्टरकडे नेणं. नाही म्हणता येत नाही, आपल्याला नाही म्हणायला शिकवलेलंच नाही. पण "ह्यांच्या तब्येतीसाठी दक्षिणेला जातोय, डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की सगळे कसे समजूतदार चेहरा करतात. फोनवर नणंद विचारते, दिवसभर करता काय गं तिथे, मी म्हणते, काही नाही हो वन्सं, ह्यांचं पथ्यपाणी. आणि फोन ठेवून बाहेर जाऊन खुर्चीत बसते, पायावर ऊन घेते, समोर कॅमेलियाचं लाल फूल जमिनीवर अख्खंच्या अख्खं गळून पडलेलं असतं, ते बघते. तासभर. कोणाला तरी वाटेल हिला काय झालंय.

मला वाटतं त्या काळच्या लोकांचंही हेच असणार. बोस्टनच्या कर्मठ, कामसू, रविवारी चर्चला जाणाऱ्या माणसांना चार महिने नुसतं ऊन खात बसायला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय लाजच वाटली असती. ओझोन बिझोन ठीक, खरं औषध ती चिठ्ठी. आणि हवेचं म्हणाल तर तिचा निकाल कधीच लागलाय. मद्रासला १९५६ मध्ये एक अभ्यास सुरू झाला, क्षयाचे काही पेशंट सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काही त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरातच ठेवले, औषध दोघांनाही सारखंच. १९५९ मध्ये निकाल आला की घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. ना वारा, ना व्हरांडा, ना दोन अंडी, गोळ्या नेमाने घेतल्या की झालं. म्हणजे आत्या ज्या वर्षी त्या खाटेवर पडून होती त्या वर्षी तिला तिथे ठेवायची खरंतर गरज नव्हती. घरी राहून बरी झाली असती. पण घरी चहा टाकावा लागला असता.

ते स्ट्रेप्टोमायसीन सापडलं कुठे, तर आमच्या न्यू जर्सीत, रटगर्सला, १९४३ साली, वाक्समनच्या लॅबमध्ये त्याच्या शॅट्झ नावाच्या विद्यार्थ्याने मातीतल्या एका जंतूपासून वेगळं काढलं. आमच्या घरापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. ज्या मातीने जगभरच्या आरोग्यधामांना कुलपं लावली ती माती सोडून आम्ही आरोग्यासाठी ह्या वाळूत येतो, ह्याला काय म्हणावं.

आणि आनंदीबाई. इथे बसून त्यांची आठवण न येणारी मराठी बाई असेल का. फिलाडेल्फियाच्या थंडीत खंगत खंगत शिकल्या, मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, परत गेल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं पूर्ण व्हायच्या आत. त्याच १८८७ मध्ये इकडे पॅट्रिक रस्त्यांना नावं देत होता. मी उगाच मनाशी म्हणते, एक हिवाळा जरी त्यांना इथल्या उन्हात मिळाला असता तर. पण मिळाला नसता. हवेने क्षय बरा होत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे नऊवारी नेसलेल्या सावळ्या मुलीला त्या काळच्या दक्षिणेत कुठल्या हॉटेलने खोली दिली असती, खोकला नसता तरी.

कारण ह्या गावाला आणखी एक पाठ आहे. गोल्फचं सामान वाहणारे, हॉटेलात चादरी बदलणारे, स्वयंपाकघरात राबणारे, घोडे सांभाळणारे जवळपास सगळे कृष्णवर्णीय, आणि ते गावात राहत नसत, त्यांची वस्ती वेगळी, टेलरटाउन, जॅक्सन हॅम्लेट, गावाच्या कडेकडेने. पलीकडे रुळांच्या पश्चिमेला वेस्ट सदर्न पाइन्स म्हणून त्यांचं स्वतःचं गाव होतं, १९२३ मध्ये त्यांनी स्वतःची नगरपालिका मिळवली, १९३१ मध्ये ती काढून घेतली गेली. आम्ही भाजी आणायला त्या बाजूने जातो तेव्हा घरं बघता बघता लहान होत जातात, फुटपाथ संपतो. माझी मैत्रीण म्हणते, तू सुट्टीवर येतेस ना, मग कशाला हे सगळं उकरतेस. बरोबर आहे तिचं. पण आमच्या गावात वेशीबाहेर काय असायचं हे मी पाहिलेलं आहे आणि कोनाड्यातलं वेगळं ताटही पाहिलेलं आहे, त्यामुळे दिसतंच, न दिसायला काय झालं.

तरीही मला हे गाव आवडतं, हेही लिहायला हवं, नाहीतर खोटं होईल.

वेमथ वूड्स म्हणून जवळच जंगल राखलंय, तिथे एक लॉन्गलीफ पाइन आहे, १५४८ साली रुजलेला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ८२ वर्षं आधीचा. माहीत असलेल्यांतला सगळ्यात म्हातारा म्हणतात. दिसायला तसा काही विशेष नाही, वरचा शेंडा चपटा झालाय, पण अजून शंकू धरतो. तिथे जुन्या झाडांवर राळेसाठी पाडलेल्या खाचांचे व्रण अजून दिसतात, बुंध्यावर, कमरेइतक्या उंचीवर. आणि मजा म्हणजे हे झाड आगीशिवाय जगत नाही. आग लागली नाही तर ओक वगैरे मंडळी वाढून त्याची पोरं गुदमरतात, म्हणून वनखात्याची माणसं हिवाळ्यात मुद्दाम जमिनीवरचा पाचोळा जाळतात, शिस्तीत, वाऱ्याची दिशा बघून. त्या दिवशी सगळ्या आसमंतात धूर. आमच्याकडे खिडक्या बंद, नेब्युलायझर चालू, आणि हे कुरकुरत असतात की शुद्ध हवेसाठी आणलंस ना मला, घे. दुसऱ्या दिवशी काळ्या जमिनीतून चालताना पायाला ऊब लागते की काय असं वाटतं, आणि आठ-पंधरा दिवसांत त्या काळ्यातून हिरवं गवत.

इथली हिवाळी माणसं हाही एक प्रकार आहे. मेनहून येणारे, न्यूयॉर्कच्या वरच्या भागातले, कॅनडातले. सगळे संध्याकाळी पाचला जेवतात, सगळ्यांना एकमेकांच्या गुडघ्यांची माहिती असते आणि पहिल्या भेटीत नाव सांगायच्या आधी ऑपरेशन सांगतात. आमच्या शेजारी मेनचे एक आजोबा येतात, बायको गेली, बोट चालवायचे पूर्वी. संक्रांतीला मी त्यांना तिळगूळ दिला, केरीची मैत्रीण घेऊन आली होती, जरा कडकच झाला होता. त्यांनी तोंडात टाकला आणि कवळी अडकली, दोन मिनिटं काही बोलता येईना, मी घाबरले, तर सुटल्यावर म्हणाले, ह्याने माणूस गोड बोलतो म्हणालात ते खरं आहे, कारण बोलताच येत नाही. तेव्हापासून वाटेत भेटले की जबडा धरून दाखवतात. ह्यांच्याबरोबर रोज सकाळी घोड्यांच्या ट्रॅकपर्यंत चालत जातात. उत्तरेकडचे शर्यतीचे घोडेसुद्धा हिवाळ्याला इथे येतात, १९१५ पासूनचा ट्रॅक आहे, वाळू पायाला मऊ म्हणून. दोन म्हातारे कुंपणाला टेकून उभे, घोड्यांच्या नाकातून वाफा, ह्यांच्या तोंडातून वाफा. हे खोकले की आजोबा पाठीवर थाप मारतात, जोरात, बोट चालवणाऱ्या हाताने.

त्या मोतीवाल्या बाई नंतर पुन्हा भेटल्या, लायब्ररीत. ओळखलं नाही मला, किंवा ओळखून दाखवलं नाही. खाली वाकून काहीतरी शोधत होत्या, चष्मा पडला होता, मी उचलून दिला. हात थरथरत होता त्यांचा, बराच. थँक यू म्हणाल्या आणि लगेच पर्समधून सॅनिटायझर काढून आधी स्वतःच्या हाताला लावलं आणि मग बाटली माझ्यापुढे केली. मीही घेतलं थोडं. काय करणार.

मार्चच्या शेवटी इथला मुक्काम आपोआप संपतो, कारण पाइन फुलतात. फुलतात म्हणजे पिवळी पूड सोडतात, इतकी की गाडीचा रंग ओळखू येत नाही, अंगणातल्या डबक्यांना पिवळी किनार येते, खिडकीच्या फटीतून आत येऊन पोळपाटावरसुद्धा बसते. ती पिवळी पूड जाड असते, तिने फारसं काही होत नाही म्हणतात, त्रास होतो तो त्याच वेळी फुलणाऱ्या ओकच्या न दिसणाऱ्या परागांनी. ह्यांना दोन्ही एकच, ह्यांचा सगळा राग पाइनवर. शिंका, डोळ्यांतून पाणी, छातीची शिट्टी पुन्हा चालू, आणि वर मला ऐकवायचं की न्यू जर्सीची थंडी परवडली पण ही दक्षिणेची हवा नको. मैत्रीण हसते, आजोबा निघून गेलेले असतात, घरमालकीण अंगणातल्या सुयांचे ढीग करून घेते, त्या सुया इथे विकल्या जातात, बागेत पसरायला.

यंदा सामान भरता भरता ह्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी नाही यायचं, ॲरिझोना बघू. मी बरं म्हणाले. मालकिणीशी माझं आधीच बोलणं झालं होतं, नोव्हेंबरपासूनचं भाडं ठरवून आगाऊ रक्कम देऊन टाकली होती, यंदापेक्षा एक महिना जास्तच. ह्यांना ऑक्टोबरात सांगेन, पहिला खोकला सुरू झाला की.